रोज आठ किलोमीटर फिरणाऱ्याला डिझेल गाडी विकलीच कशी?

माझा मामा ६८ वर्षांचा आहे. बँकेतून रिटायर झालाय, कोथरूडला राहतो. त्याची गाडी निघते ती मंडईला, डेक्कनला, नाहीतर नातीला शाळेतून आणायला. दिवसाला आठ किलोमीटर, फार तर दहा. या माणसाच्या गळ्यात शोरूमवाल्यांनी डिझेल गाडी मारली! पेट्रोलपेक्षा सव्वा लाख जास्त घेऊन. का, तर ‘काका, ॲव्हरेज बघा ना.’ सनरूफ तीनदा उघडून दाखवलं, मोबाइल जोडून दाखवला. रोजचं रनिंग किती, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

दीड वर्षात डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला आणि गाडी ओढेनाशी झाली. सर्व्हिस सेंटरला मी सोबत गेलो होतो. तिथला ॲडव्हायझर काय म्हणावा? ‘काका, तुमचा वापर चुकीचा आहे. हे वॉरंटीत बसत नाही.’ माझं डोकंच फिरलं. घरची गाडी घेऊन भाजी आणायला जाणं हा चुकीचा वापर?

बीएस-४ या जुन्या प्रदूषण-नियमांच्या काळात डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम धूलिकण सोडायची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि ती साडेचारवर आली. चांगलंच झालं, पुण्याची हवा मीही श्वासात घेतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यासाठी सायलेन्सरच्या वाटेत जो हा डीपीएफ बसवला, तो काजळी साठवतो आणि ती जाळायला त्याला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. सिग्नल-सिग्नल करत कर्वे रोडवरून जाणाऱ्या गाडीत ते कुठून येणार? इंजिन धड तापायच्या आत मंडई येते. मग गाडी जास्तीचं डिझेल फवारून फिल्टर तापवायला बघते. तेवढ्यात घर आलं, चावी फिरवली, की काम अर्धवट. वर त्या डिझेलमधलं थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं. मी मामाच्या गाडीची डिपस्टिक काढून पाहिली, ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं. बोटाला लावून वास घेतला, चक्क डिझेलचा वास!

सगळ्यात जास्त संताप कशाचा आला सांगू? मामा म्हणाला, ‘अरे, कधीकधी पार्किंगमध्ये आलो की पंखा जोरात घोंगावतो, जळका वास येतो. मला वाटायचं गाडी तापली, म्हणून मी पटकन बंद करायचो.’ अहो, तीच तर काजळी जळत होती! तेव्हा अजून पंधरा मिनिटं मोकळ्या रस्त्यावर फिरवायची असते. दीड वर्षं तो बिचारा गाडीला जपायला म्हणून नेमकं उलटं करत होता आणि डिलिव्हरीच्या दिवशी पेढे भरवून फोटो काढणाऱ्यांपैकी कोणी त्याला दोन वाक्यं सांगितली नाहीत. मॅन्युअलमध्ये लिहिलंय म्हणे. विकताना ॲव्हरेज तोंडाने सांगता, मग हे का नाही सांगत?

मी स्वतः डिझेलवेडा आहे. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन, जे स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत सगळीकडे होतं, ते मी जुन्या स्विफ्टमध्ये दोन लाख किलोमीटर पळवलंय. दोन हजार आरपीएमला टर्बो जागा झाला की पाठ सीटला टेकायची. त्यात डीपीएफची भानगड नव्हती, गावात चालवा नाहीतर घाटात. रोज नगरला ये-जा करणाऱ्याने आजही खुशाल डिझेल घ्यावं, त्याचा फिल्टर आपोआप साफ होत राहील. यंत्रात खोट नाहीच. खोट विकणाऱ्याच्या नियतीत आहे.

फोर्स्ड रीजन, म्हणजे सर्व्हिस सेंटरमध्ये मुद्दाम काजळी जाळून घेणं, आणि ऑइल बदलणं याचे मिळून साडेआठ हजार गेले. आता दर रविवारी मामा एक्स्प्रेसवेवर गाडी काढतो, तळेगावपर्यंत जातो आणि परत येतो. टोल भरून, डिझेल जाळून, तेही ट्रकच्या गर्दीत जीव मुठीत धरून. मामी घरी येरझाऱ्या घालत असते.

बुकिंगच्या फॉर्मवर पॅन नंबर मागता, नॉमिनीचं नाव मागता. रोजचं रनिंग विचारायला एक रकाना ठेवा ना! मामाने तिथे खरं तेच लिहिलं असतं, आठ किलोमीटर. आणि आज त्याच्या पार्किंगमध्ये साधी पेट्रोल गाडी उभी असती.