मार्कस कॉर्पोरेशनचा 2024 चा तोटा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेत थिएटरं आणि हॉटेलं चालवणारी मार्कस कॉर्पोरेशन सावरली आहे, या माझ्या विधानाला तुम्ही हरकत घेतली आहे. 2024 मध्ये 78 लाख डॉलर निव्वळ तोटा दाखवणारी कंपनी सावरलेली कशी, थिएटरं संपत चालली आहेत, हॉटेलांचा त्यांच्याशी संबंध नाही आणि मालकीच्या जागांत भांडवल अडकलंय. तेव्हा हॉटेलं विकून टाकावीत, असं तुमचं म्हणणं. मला ते पटलेलं नाही. का पटलेलं नाही, ते नीट मांडतो.

आधी तोटा. वर्षाचा एकच आकडा बघू नका, तिमाह्या बघा. पहिल्या तिमाहीत 1.19 कोटी डॉलर तोटा, दुसऱ्या तिमाहीत 2.02 कोटी तोटा, तिसऱ्या तिमाहीत 2.33 कोटी नफा आणि चौथीत जेमतेम 10 लाख नफा. दुसऱ्या तिमाहीच्या तोट्यातले 1.39 कोटी डॉलर ना थिएटरांनी घालवले ना हॉटेलांनी. त्याचं मूळ 2020 मध्ये आहे. त्या वर्षी मार्चमध्ये थिएटरं बंद झाली, हॉटेलं ओस पडली, उलाढाल 82.09 कोटींवरून 23.77 कोटींवर आली आणि तोटा 12.48 कोटींचा झाला. तग धरण्यासाठी कंपनीने सप्टेंबर 2020 मध्ये 5 टक्के व्याजाचे 10 कोटी डॉलरचे परिवर्तनीय रोखे विकले. त्यांचं रूपांतर सुमारे 11 डॉलर भावाने शेअरमध्ये होऊ शकत होतं, म्हणजे जवळपास 90 लाख नवे शेअर. एकूण शेअरच तीन कोटींच्या आसपास असलेल्या कंपनीत जुन्या भागधारकांचा वाटा त्यामुळे किती पातळ झाला असता, याचा हिशोब करा. मुदत 2025 ची होती. कंपनीने 2024 मध्येच बहुतेक रोखे रोख पैसे मोजून परत घेतले आणि त्या व्यवहाराचा खर्च नफा-तोटा पत्रकात पडला. कोविडच्या काळातलं महागडं ओझं उतरवायची ती किंमत होती, आणि भागधारक म्हणून मी ती आनंदाने मोजेन.

तो खर्च वगळला तरी वर्ष फार तर काठावर नफ्यात राहिलं असतं, 2023 च्या 1.48 कोटींच्या बरंच खाली. 2024 ची उलाढाल 73.56 कोटी, म्हणजे 2019 पेक्षा अजून दहा टक्क्यांनी कमी. पाच वर्षांची महागाई धरली तर दरी आणखी मोठी. कोविडआधी तिमाहीला शेअरमागे 16 सेंट लाभांश मिळायचा. 2020 मध्ये तो थांबला, 2022 मध्ये पुन्हा सुरू झाला आणि 2024 च्या शेवटी 7 सेंटवर होता. ‘सावरली’ म्हणजे ‘पूर्वीसारखी झाली’ असा अर्थ मी लावत नाही.

पण थिएटरं संपत चालली आहेत हे अनुमान या आकड्यांतून निघत नाही. 2023 मध्ये हॉलिवूडचे लेखक मे महिन्यापासून आणि नट जुलैपासून संपावर होते. नटांचा संप नोव्हेंबरमध्ये मिटला. चित्रीकरणं थांबली आणि त्याचा दुष्काळ 2024 च्या पहिल्या सहामाहीत पडद्यावर आला. जूनपासून मोठे चित्रपट आले, तशी गर्दीही आली. थिएटरच्या धंद्यात पगार, वीज, देखभाल हा खर्च प्रेक्षक कमी झाले म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. तिकिटातला साधारण निम्मा वाटा स्टुडिओकडे जातो, खरी मिळकत पॉपकॉर्नच्या काउंटरवर होते. म्हणून तर ही कंपनी मंगळवारी तिकीट स्वस्त देऊन माणसं आत आणते. गर्दी थोडी वाढली की नफा एकदम उसळतो, आणि थोडी घटली की तसाच कोसळतो. तिसऱ्या तिमाहीने हेच दाखवलं.

आता हॉटेलं. दोन्ही धंदे एकमेकांना नेहमी सांभाळून घेतात, असं नाही. 2020 मध्ये दोन्ही एकदम बसले. पण चित्रपटांचं वेळापत्रक हॉलिवूड ठरवतं, तर परिषदा, लग्नं आणि अधिवेशनांची हॉटेलातली नोंदणी आधीपासून झालेली असते. जुलै 2024 मध्ये रिपब्लिकन पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीत भरलं. शहरातली फिस्टर, हिल्टन आणि सेंट केट ही हॉटेलं मार्कसचीच.

जागांच्या मालकीबद्दलचा तुमचा आक्षेप मला सगळ्यात कमी पटतो. आपल्याकडे पीव्हीआर आयनॉक्सचे पडदे बहुतांश मॉलमध्ये भाड्याने असतात, त्यामुळे थिएटर म्हणजे भाडं हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. अमेरिकेतही एएमसी ही थिएटरांची साखळी प्रामुख्याने भाड्याच्या जागांवर उभी आहे. 2020 मध्ये तिला साडेचारशे कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला आणि जगण्यासाठी तिने शेअरमागून शेअर विकले. रीगल थिएटरांची मालक सिनेवर्ल्ड तर सप्टेंबर 2022 मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. मार्कसच्या 17 राज्यांतल्या सुमारे 80 थिएटरांपैकी बऱ्याच थिएटरांची जागा तिची स्वतःची आहे, आणि पडदा बंद असताना घरमालक दारात उभा नसणं ही फार मोठी गोष्ट असते. याच इमारतींमुळे वर्षाला साडेसहा कोटी डॉलरहून जास्त घसारा, म्हणजे इमारती जुन्या होण्याचा हिशोबातला खर्च, लागतो. नफ्यातून तो वजा होतो, पण त्या वर्षी खिशातून जात नाही. म्हणून 78 लाखांचा तोटा दाखवणाऱ्या वर्षातही धंद्यातून आलेली रोकड दहा कोटी डॉलरच्या आसपास होती.

आणि विकायचं तिथे हे लोक विकतात. बेमाँट ही त्यांची स्वस्त हॉटेलांची साखळी 2004 मध्ये ला क्विंटा या हॉटेल कंपनीला गेली, ओक्लाहोमा सिटीचं स्कर्विन हॉटेल 2022 मध्ये विकलं. 1893 पासून चालू असलेलं फिस्टर कंपनीचे संस्थापक बेन मार्कसनी 1962 मध्ये घेतलं, ते मात्र ठेवलंय. एका शेअरला दहा मतं देणाऱ्या ब वर्गाच्या शेअरमुळे निर्णय मार्कस घराण्याच्या हातात आहे. तुम्हाला ते खटकतं, आणि छोट्या भागधारकाने त्याची काळजी करणं योग्यच आहे.

माझी स्वतःची काळजी वेगळी आहे. 2024 मध्ये भांडवली खर्च आठ कोटी डॉलरच्या घरात गेला, त्यातला मोठा भाग हॉटेलांच्या नूतनीकरणाचा. दहा कोटी आत आले आणि त्यातले आठ असे बाहेर गेले, तर कर्ज फेडायला आणि लाभांश वाढवायला फारसं उरत नाही. नूतनीकरण आटोपल्यावरही हा खर्च खाली आला नाही, तर हॉटेलांबद्दल तुमच्या मताकडे मी नव्याने बघेन.