उभ्याने पाहण्याचे घर

इंग्लंडच्या मधोमध राहणाऱ्या मराठी कुटुंबाला उन्हाळा लागला की पाहुण्यांचा हंगाम लागतो. लंडन झाले, शेक्सपिअरचे स्ट्रॅटफर्ड झाले, की पाहुणे 'आता एखादं खरंखुरं जुनं घर दाखव' अशी फर्माईश करतात, आणि आमच्यासारखे यजमान त्यांना मोटारीत घालून वॉरिकशायरमधल्या बॅडस्ली क्लिंटनला नेतात. चहूबाजूंनी खंदक, वर पूल, पलीकडे राखाडी दगडाचे पंधराव्या-सोळाव्या शतकांतले घर, आणि फेरर्स नावाच्या एकाच घराण्याने तिथे काढलेली चारशेहून अधिक वर्षे, एवढा ऐवज एका दुपारीत दाखवता येतो. यजमानाची परीक्षा त्यानंतर सुरू होते.

या वेळी मामा आले होते. मामांचे बालपण अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्याच्या आसपास गेलेले असल्यामुळे खंदक या विषयातील त्यांचा अधिकार घरात सर्वमान्य आहे. पुलावर थांबून त्यांनी खालच्या शांत पाण्याकडे आणि त्यात पोहणाऱ्या बदकांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "यात शत्रू बुडेल कसा रे? फार तर त्याचे मोजे भिजतील." अशा घरांचे खंदक शत्रूपेक्षा शेजाऱ्यांवर छाप पाडण्यासाठी जास्त असत, त्यांत मासे पाळत आणि घरातले सांडपाणीही सोडत, असे मी सांगितले. मासे आणि सांडपाणी एकाच पाण्यात, हे ऐकल्यावर मामांनी इंग्रजांच्या खाण्याविषयीचे आपले जुने मत अधिक पक्के करून घेतले.

आत गेल्यावर पाठीवरची पिशवी पोटावर घ्यावी लागते, म्हणजे आपण भिंतींना धक्के देत नाही, फक्त समोरच्या माणसाला देतो. जुन्या कापडांचे रंग उडू नयेत म्हणून पडदे अर्धे ओढलेले असतात, आणि त्या अंधुक उजेडात प्रत्येक दालनाच्या कोपऱ्यात एक वयस्कर, अत्यंत सुशील स्वयंसेवक उभे असतात. त्यांना त्या दालनाचे सर्व काही ठाऊक असते आणि ते सर्व काही सांगण्याची त्यांची तयारी असते. इंग्रजी शिष्टाचाराप्रमाणे त्यांना मध्येच थांबवता येत नाही आणि मराठी शिष्टाचाराप्रमाणे वडीलधारा माणूस बोलत असताना पाठ फिरवता येत नाही. परिणामी भिंतीवरच्या ओक लाकडाच्या एकाच तक्त्यासमोर आम्ही इतका वेळ मान डोलावली की मामांना त्यातील सुतारकाम तोंडपाठ झाले असावे.

खरा प्रश्न गुडघ्यांचा होता. दालनादालनांत कोरीव खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीच्या बैठकीवर टीझल नावाच्या झाडाचे वाळलेले काटेरी बोंड ठेवलेले होते. 'बसू नये' अशी पाटी लावणे उद्धटपणाचे दिसेल, म्हणून अशा वास्तूंमध्ये ही मूक सूचना करतात. मामांनी ते बोंड निरखून पाहिले. "पाटी असती तर इंग्रजी वाचता येत नाही असं म्हणता आलं असतं," ते खिन्नपणे म्हणाले. "काट्यापुढे काय म्हणणार?"

ग्रंथालयात शेकोटीजवळच्या जमिनीवर एक डाग दाखवतात. निकोलस ब्रोम नावाच्या इथल्या मालकाने साधारण 1485 च्या सुमारास गावच्या धर्मगुरूला आपल्या पत्नीची हनुवटी कुरवाळताना पाहिले आणि जागच्या जागी ठार केले, त्याचा तो डाग, अशी आख्यायिका आहे. राजाने आणि पोपनेही ब्रोमला क्षमा केली आणि प्रायश्चित्त म्हणून त्याने चर्चचे मनोरे बांधले. डाग मात्र पुष्कळ नंतरचा, आणि तोही डुकराच्या रक्ताचा असावा असे सांगतात. मामांना खुनापेक्षा ही फसवणूक अधिक लागली.

स्वयंपाकघराच्या जमिनीत एक काच आहे आणि तिच्याखाली संडासाचा जुना नाला. एलिझाबेथ राणीच्या काळात कॅथलिक धर्मगुरूंना आसरा देणे हा गुन्हा होता. ऑक्टोबर 1591 मध्ये ॲन व्हॉक्स या बाईने भाड्याने घेतलेल्या या घरावर पहाटे पाचला धाड पडली, तेव्हा जेझुइट या कॅथलिक पंथाचे पाच धर्मगुरू, आणखी दोन धर्मगुरू आणि दोन-तीन गृहस्थ या नाल्यात उतरले आणि घोट्यांपर्यंतच्या पाण्यात चार तास उभे राहिले, असे मानले जाते. त्यांतल्या जॉन जेरार्ड यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. लपण्यापूर्वी त्यांनी अंथरुणांची गार बाजू वर केली होती, म्हणजे हात लावून पाहणाऱ्याला ऊब लागू नये. आणि झडती घेऊन निघालेल्या शिपायांना त्यांच्या श्रमाचे पैसे घरच्यांनाच द्यावे लागले होते. मामा काचेतून खाली बघत राहिले. "म्हणजे या घरात तेव्हाही कोणाला बसू देत नसत," एवढेच ते म्हणाले.

मात्र ज्या कथेवर मामा खऱ्या अर्थाने रमले ती पुढच्या दालनातल्या चित्रांपाशी भेटली. एडवर्ड डेरिंग नावाचा तरुण रेबेका ऑर्पेन या मुलीवर प्रेम करत होता. तिच्या मावशीकडे, लेडी चॅटर्टन यांच्याकडे, तो तिला मागणी घालण्याची परवानगी मागायला गेला आणि इतके आडवळणाने बोलला की मावशींना वाटले, मागणी आपल्यालाच आहे. त्यांनी तत्काळ होकार दिला. मावशी त्याच्यापेक्षा वीस-एक वर्षांनी मोठ्या होत्या, पण गृहस्थ सभ्य असल्यामुळे खुलासा करण्याऐवजी त्याने 1859 मध्ये त्यांच्याशी लग्न केले, असे सांगतात. पुढे रेबेकाने या घराचे मालक मार्मियन फेरर्स यांच्याशी विवाह केला, आणि चौघेही याच घरात एकत्र राहिले. मावशी गेल्या, मार्मियन गेले, आणि अखेर 1885 मध्ये डेरिंग आणि रेबेका यांचे लग्न झाले.

आमच्या घराण्यातली निम्मी लग्ने जमवणारे मामा यावर गप्प बसणे शक्यच नव्हते. स्वयंसेवक बाईंना उद्देशून, मला मध्ये उभे करून, त्यांनी सविस्तर निवाडा दिला. मुलाने स्वतः बोलायला जायचेच नसते, त्यासाठी मुलाचा मामा असतो. या डेरिंगला एक बरा मामा असता तर सव्वीस वर्षे वाचली असती. मी जमेल तसे इंग्रजी केले. बाईंनी गंभीरपणे मान डोलावली आणि हा दृष्टिकोन आपण आजवर ऐकला नव्हता, असे सांगितले.

चहाच्या दालनात एकही जागा रिकामी नव्हती, त्यामुळे स्कोन आणि जॅमही आम्ही उभ्यानेच संपवले.

तिथून थोड्या अंतरावरच्या चर्चमध्ये निकोलस ब्रोमची समाधी आहे. आत येणाऱ्या प्रत्येकाचे पाय आपल्यावर पडावेत म्हणून त्याने दाराशी, तेही उभे, पुरून घेतले, असे म्हणतात. हे समजावून सांगेपर्यंत मामांचा एक पाय शिळेवर पडलाही होता. ते चटकन मागे सरले, वाकले, शिळेला हात लावून तो कपाळाला नेला, आणि पाच शतके लोकांच्या पायांची अपेक्षा करत उभ्या असलेल्या त्या पापी माणसाच्या प्रायश्चित्तात नाहक एक नमस्कार मिसळून बसले. मग आत जाऊन त्यांनी पहिल्या बाकाची बैठक हाताने नीट चाचपली, खाली टेकले आणि मला म्हणाले, "तू गाडी इथपर्यंत आण. मी आता भक्ती करतो."