चोवीस तास, सरकारी वकील आणि हमखास सुटका: परदेशातील अटकेविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

ज्यांची मुले परदेशात नोकरीला आहेत, अशा कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर वारंवार फिरतो. त्याचा गोषवारा असा: कोणत्याही देशात भारतीयाला अटक झाली की व्हिएन्ना करारानुसार 24 तासांत आपल्या दूतावासाला कळवावेच लागते, दूतावास सरकारी खर्चाने वकील देऊन त्याला स्वतःच्या ताब्यात घेतो, कुलभूषण जाधव खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हेच ठरवले, कतारमधून नौदलाचे आठ माजी कर्मचारी सुटले, त्याअर्थी सरकारने मनावर घेतले तर कोणीही सुटतो, आणि अपहरण झाल्यास खंडणी सरकार भरते. यातले प्रत्येक विधान कुठल्या ना कुठल्या खऱ्या गोष्टीला चिकटलेले असल्यामुळे सगळा मजकूर एका झटक्यात खोटा ठरवून चालत नाही. तो एकेक करूनच तपासावा लागतो.

प्रथम 24 तासांचे पाहू. देशादेशांतील वकिलातींच्या कामाविषयीच्या 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या 36 व्या कलमात हा आकडाच नाही. तेथे ‘विनाविलंब’ असा शब्दप्रयोग आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कळवण्याचे बंधन अटक झालेल्या व्यक्तीने तशी मागणी केल्यावर लागू होते. तिला हा हक्क आहे हे सांगणे पोलिसांचे काम. दूतावासाला कळवा असे म्हणणे तिचे स्वतःचे. कैद्याने न मागताही कळवायचे, असे करार अमेरिकेने काही देशांशी केले आहेत, पण त्या यादीत भारत नाही. म्हणजे तिथे अटक झालेला विद्यार्थी लाजेपोटी किंवा घरी कळेल या भीतीने गप्प राहिला, तर वकिलातीला पत्ताही लागणार नाही आणि त्यात कराराचा भंगही होणार नाही.

शेजारच्या पाकिस्तानशी तर वेगळाच हिशेब आहे. मे 2008 मधील द्विपक्षीय करारात कैद्याला आपल्या अधिकाऱ्याची भेट मिळण्यासाठी मुदत ठेवली आहे ती तीन महिन्यांची. दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश आपापल्या तुरुंगांतील कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. 1 जानेवारी 2025 च्या यादीत पाकिस्तानने 217 भारतीय मच्छीमार आपल्याकडे असल्याचे मान्य केले होते. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे डहाणू-तलासरीकडचे आदिवासी अशा याद्यांत असतात. बोट सागरी सीमेपलीकडे गेली म्हणून पकडली जाते, माणसे कराचीच्या मलीर तुरुंगात जातात, आणि मग तो माणूस खरोखर भारतीय आहे का, याची खातरजमा त्याच्या गावी होते. तुरुंगात लिहून घेतलेले वडिलांचे नाव, पाड्याचे नाव आणि घरच्या कागदावरचे नाव यांचा मेळ बसेपर्यंत कागद पुढे सरकत नाही. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व निश्चित झाले की एका महिन्यात सोडावे, असे त्याच करारात लिहिले आहे. प्रत्यक्षात शिक्षा पुरी होऊनही कित्येकजण वर्षानुवर्षे तिथेच राहिले आहेत. ज्याच्या घरात ही वाट पाहणे चालू आहे, त्याला ‘24 तास’ वाचून काय वाटत असेल, याचा विचार मजकूर पुढे ढकलणाऱ्याने केलेला दिसत नाही.

ताब्यात घेण्याची गोष्ट थोडक्यात निकालात निघते. वकिलातीचा अधिकारी कैद्याला भेटू शकतो, त्याच्याशी बोलू शकतो, पत्रव्यवहार करू शकतो, वकिलाची व्यवस्था करू शकतो. त्या देशाचा कायदा पाळणे आणि त्याच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे हे व्हिएन्ना करारानेच त्याच्यावर घातलेले बंधन आहे. व्यवस्था करणे म्हणजे फी भरणे नव्हे. 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून सुरुवातीची कायदेशीर मदत, किरकोळ दंड, परतीचे तिकीट असा खर्च होतो. पण तो गरजूंसाठी आणि परिस्थिती पाहून. आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर विसंबलेल्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. अमेरिकी पारपत्र घेतलेला पुणेकर तिसऱ्या देशात अडकला तर त्याची वकिलात अमेरिकेची.

जाधव खटल्याचा निकाल मात्र सर्वांत जास्त विपर्यस्त झाला आहे. भारतीय नौदलाचे माजी अधिकारी असलेल्या जाधवांना पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले; त्याच्या म्हणण्याप्रमाणे अटक 3 मार्च 2016 ची. भारताला कळवले 25 मार्चला. एप्रिल 2017 मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली, मे महिन्यात भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि नागपूरचे हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर बाजू मांडली. 17 जुलै 2019 रोजी 15 विरुद्ध 1 मतांनी न्यायालयाने पाकिस्तानने 36 वे कलम मोडल्याचे ठरवले. हेरगिरीचा आरोप असला तरी हे कलम लागू होते आणि 2008 चा द्विपक्षीय करार दाखवून ते टाळता येत नाही, हेही त्यात आले, आणि ते मोठेच यश आहे. पण शिक्षा रद्द करून सुटका करावी ही भारताची मागणी त्याच न्यायालयाने मान्य केली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, एवढाच आदेश दिला. भारतीय अधिकाऱ्याची भेट झाली ती 2 सप्टेंबर 2019 रोजी, अटकेनंतर साडेतीन वर्षांनी. या निकालातून ‘दूतावास सोडवून आणतो’ असे काढणाऱ्याने तो वाचलेला नाही.

कतारचे प्रकरण खरे आहे आणि त्याचे श्रेय मुत्सद्देगिरीला द्यायलाच हवे. तरीही क्रम पाहा: अटक ऑगस्ट 2022 मध्ये, फाशीची शिक्षा ऑक्टोबर 2023 मध्ये, अपिलात ती कमी झाली डिसेंबरअखेर, सुटका फेब्रुवारी 2024 मध्ये. दीड वर्ष, अपील, आणि शेवटी तिथल्या अमीराचा निर्णय. बरोबर एका वर्षाने, फेब्रुवारी 2025 मध्ये, अबुधाबीत एका भारतीय महिलेला मृत्युदंड देण्यात आला. दूतावासाने तिला कायदेशीर मदत दिली होती, दयेचे अर्जही केले होते. मनावर घेणे दोन्हीकडे होते. निर्णय दोन्हीकडे दुसऱ्याच्या हातात होता.

राहिली खंडणी. सप्टेंबर 2010 मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेल्या ‘ॲस्फाल्ट व्हेंचर’ जहाजाचे उदाहरण मला बोलके वाटते. एप्रिल 2011 मध्ये खंडणी दिली गेली, ती सरकारने नव्हे. जहाज आणि काही खलाशी सुटले, पण सात भारतीयांना चाच्यांनी ठेवून घेतले, कारण त्यांना भारताने पकडून मुंबईत ठेवलेले आपले साथीदार हवे होते. ते सातजण ऑक्टोबर 2014 च्या अखेरीस सुटले. येमेनमध्ये मार्च 2016 मध्ये पळवलेले भारतीय धर्मगुरू फादर टॉम उझुन्नलील ओमानच्या मध्यस्थीने सप्टेंबर 2017 मध्ये परतले, तेव्हाही खंडणी दिली नसल्याचे सरकारने जाहीरपणे सांगितले. इराकमधील मोसुलमध्ये 2014 साली पळवलेल्या 39 भारतीयांबाबत तर ते जिवंत नाहीत हे निश्चितपणे सांगायलाच मार्च 2018 उजाडले. सरकार पैसे पाठवून माणूस सोडवते, ही कल्पना या तिन्ही प्रकरणांत कुठेच बसत नाही.

संदेशाच्या शेवटी ‘कोणाला फोन करत बसू नका, आपोआप होईल’ अशी एक ओळ असते. तीच सर्वांत वाईट. पारपत्राची प्रत, अटकेची तारीख, ठाण्याचे किंवा तुरुंगाचे नाव, मालकाचा पत्ता एवढे जमवून कुटुंबाने त्या देशातील भारतीय वकिलातीला कळवावे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या 2015 पासूनच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. पुढच्या प्रत्येक फोनला पहिल्यांदा तोच विचारला जातो.