सर्वांना सामावून घेताना घ्यावयाची काळजी

अमेरिकेत सरकारी बांधकामाचं मोठं टेंडर तुम्हाला लागलं म्हणे. अभिनंदन! पूल असो, विमानतळ असो नाहीतर तुरुंग, पैसा जनतेचा आहे तेव्हा काळजी नसावी. फक्त कागदांच्या गठ्ठ्यात कुठेतरी एक पान सापडेल, की कामाचा अमुक टक्के हिस्सा अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना द्यावा. हे पान वाचून घाम फुटायचं कारण नाही. ‘द्यावा’ आणि ‘दिला’ यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा आहे, आणि मोकळ्या जागेचं सोनं करणं हा तर तुमचा पिढीजात धंदा.

कृष्णवर्णीयांना सरकारी बांधकामात कधी वाटाच मिळाला नाही, असं कुणी म्हणालं तर आधी दुखावल्यासारखा चेहरा करा. मग वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलकडे, म्हणजे तिथल्या संसदेच्या इमारतीकडे, बोट दाखवा. त्या घुमटावर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आहे ना, तो ओतण्याच्या कामावर फिलिप रीड नावाचा गुलाम होता. साच्यांखालची आग धगती ठेवायला तो 33 रविवार राबला. सव्वा डॉलर रोजानं 41 डॉलर 25 सेंट झाले आणि ते त्याला मिळाले, सरकारी दप्तरात नोंद आहे. सोमवार ते शनिवारची मजुरी मात्र त्याच्या मालकाकडे गेली. पोटठेकेदाराचे पैसे मधल्या माणसाकडे अडकतात ही तक्रार म्हणजे काही तुमच्यापासून सुरू झालेली नाही.

आता प्रत्यक्ष काम. टेंडर सोमवारी दुपारी भरायचं असेल, तर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता ईमेल पाठवा. यादीतल्या चाळीसही जणांना मजकूर एकच. ‘आपणांस या कामात रस असल्यास सोमवारी सकाळी नऊपर्यंत दर कळवावेत.’ सोबत सहाशे पानांचे नकाशे जोडा, तेही उलटे स्कॅन केलेले. एकोणचाळीस जण गप्प बसतील. एखादा चिवट निघतो. तो शनिवार-रविवार स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशे पसरून बसेल, बायको शेजारी बसून एक्सेलमध्ये आकडे भरेल, आणि सोमवारी साडेआठला चक्क दर येईल. तोही रास्त. अशा वेळी गोंधळून जाऊ नका. तो आकडा घेऊन तुमच्या नेहमीच्या माणसाला फोन लावा, ज्याच्याबरोबर तुम्ही मासे पकडायला जाता. म्हणावं, ‘एवढ्यात करतोस का?’ तो पाचशे डॉलर खाली येतोच. राहिलेले ईमेल छापून फायलीला लावा आणि वर लिहा ‘प्रामाणिक प्रयत्न’. शब्द माझा नाही हो, नियमातलाच आहे.

एवढ्यानंही तो चिवट गृहस्थ हटला नाही तर बॉन्ड मागा, म्हणजे काम बुडालं तर नुकसान भरून देण्याची एखाद्या विमा कंपनीची लेखी हमी. इथे तुम्हाला बोटही हलवावं लागत नाही. 1935 च्या मिलर कायद्यापासून केंद्र सरकारच्या मोठ्या बांधकामाला हमीचा बॉन्ड लागतो. राज्यांनीही तसेच कायदे केले, आणि वरून जे तुमच्याकडे मागतात ते तुम्ही खाली मागायचं. बॉन्ड देणारी कंपनी विचारते, खेळतं भांडवल किती? एवढं मोठं काम आधी केलंय का? केलं नसेल तर बॉन्ड नाही, बॉन्ड नाही तर काम नाही, आणि काम नाही तर ‘आधी केलंय का’चं उत्तर पुन्हा नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण आपल्याकडे तयार असताना अमेरिकेनं तिच्यावर अख्खा विमा व्यवसाय उभा केला. तो म्हणेल, वडिलांचं घर तारण ठेवतो. ठेवू द्या. 1930 च्या दशकात एका सरकारी संस्थेनंच कृष्णवर्णीयांच्या वस्त्या कर्जाला धोक्याच्या म्हणून नकाशावर लाल रंगवून ठेवल्या होत्या, त्यामुळे त्या घराला किंमत बेताचीच असते. बघा, तुमच्या आजोबांच्या काळात कुणीतरी तुमचं काम करून ठेवलंय.

बिलाबद्दल जास्त सांगत नाही. ‘वरून आले की देतो’ हे वाक्य तुम्हाला येतंच.

कोर्टाची भीती वाटत असेल तर रिचमंडची गोष्ट उशाशी ठेवा. व्हर्जिनियातलं हे शहर एके काळी गुलामगिरीसाठी लढणाऱ्या राज्यांची राजधानी होतं. 1980 च्या सुमारास तिथले निम्मे रहिवासी कृष्णवर्णीय, आणि पालिकेच्या बांधकामाच्या मुख्य कंत्राटांतला अल्पसंख्याकांचा वाटा पाच वर्षांत 0.67 टक्के. 1983 मध्ये पालिकेनं 30 टक्क्यांचा नियम केला. त्याच वर्षी शहराच्या तुरुंगात स्टीलचे संडास आणि मुताऱ्या बसवायचं काम निघालं, त्यावरून क्रोसन नावाची कंपनी कोर्टात गेली, आणि 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी नियम उडवला. समाजात भेदभाव होता एवढं पुरत नाही, इथल्या बांधकाम धंद्यात नेमका कुठे झाला ते दाखवा, असा एकूण सूर. निम्मी वस्ती आणि पाऊण टक्क्याहून कमी कामं, यात नेमकं काय दिसायचं राहिलं ते मला विचारू नका, मी वकील नाही. तेव्हापासून गावोगाव भेदभाव मोजण्याचे अभ्यास निघतात. गवंड्याला काम मिळो न मिळो, अभ्यास करणाऱ्याचं बिल निघतं.

टक्का भरायचाच झाला तर अल्पसंख्याक कोण, हे नीट वाचा. केंद्राच्या रस्तेकामांसाठी ‘वंचित’ धरलेल्यांच्या यादीत भारतीय उपखंडातली मंडळीही होती. न्यू जर्सीतल्या एडिसनमधले आपले एखादे कुलकर्णी आयआयटीतून येऊन सल्लागार कंपनी काढून बसलेले असतात. त्यांना थोडं काम द्या. टक्का भरतो, गणपतीचं आमंत्रण मिळतं, आणि तो चिवट गृहस्थ जिथल्या तिथे राहतो. कुलकर्णींनाही त्यात काही खटकत नाही.

नाहीतर चुंबक वापरा. पेनसिल्व्हेनियात एका कंपनीनं पुलांच्या तुळयांची कामं अल्पसंख्याक कंपनीच्या नावावर 15 वर्षं केली, एकूण 13 कोटी 60 लाख डॉलरची. गाड्या स्वतःच्या, माणसं स्वतःची. फक्त गाडीवर रंगवलेल्या स्वतःच्या नावावर त्या दुसऱ्या कंपनीच्या नावाची चुंबकी पाटी थापायची. मजूर सहकारी संस्थेचं लेटरहेड आणि साइटवर दादांचा जेसीबी पाहत वाढलेल्या मराठी माणसाला यात शिकण्यासारखं काही नाही. पुढे ते पकडले गेले, पण 15 वर्षांनी. चुंबक चांगलं असावं.

अटलांटासारखं गाव मात्र टाळा. 1973 मध्ये तिथे मेनार्ड जॅक्सन महापौर निवडून आले. त्याआधी पालिकेच्या कामांत अल्पसंख्याकांचा वाटा एक टक्कासुद्धा नव्हता. विमानतळाच्या कामात 25 टक्के दिल्याशिवाय काम पुढे सरकणार नाही, धावपट्टीवर रान माजलं तरी चालेल, असा त्यांचा हट्ट. दिले, 1980 मध्ये नवं टर्मिनल सुरूही झालं, विमानं उडाली. विमानतळाच्या नावात आता त्यांचंही नाव आहे. असले लोक धंद्याची सवय बिघडवतात.

तसं आता चुंबकाचंही फारसं काम उरलेलं नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय वाहतूक खात्यानं, अमुक वर्णाचा माणूस वंचित धरावा हे गृहीतकच नियमातून काढून टाकलं. यापुढे ज्यानं त्यानं आपल्यावर काय गुदरलं ते स्वतः लिहून द्यायचं, पुराव्यानिशी, आणि त्यात वर्णाचा आधार घ्यायचा नाही. म्हणजे त्या चिवट गृहस्थाला आता आपल्या आयुष्यावर निबंध लिहायला बसावं लागेल. शनिवार-रविवार आहेतच मोकळे.