घाट ओलांडायचा असेल तर एसटीच

गेली चौदा-पंधरा वर्षं सह्याद्रीत फिरतेय आणि त्यातले निम्म्याहून जास्त ट्रेक एसटीने केलेत. "अजून एसटीने जातेस? ट्रॅव्हलर बुक करू ना" हे दर वेळी ग्रुपमधलं कोणीतरी म्हणतंच, म्हणून आज एकदाच सविस्तर लिहिते.

स्वतःची गाडी घेऊन गेलं की काय होतं, गाडी पायथ्याला लावायची, वर जायचं आणि परत त्याच वाटेने उतरायचं कारण गाडी तिथे उभी आहे. पण आपल्या घाटवाटा वर जाऊन माघारी फिरायला कोणी काढल्याच नव्हत्या. कोकणातून देशावर जायला काढल्या होत्या, बैल, माल, माणसं एका बाजूने चढायची, दुसऱ्या बाजूला उतरून पुढच्या बाजारपेठेला जायची. ती अख्खी वाट आज चालायची असेल तर अलीकडे सोडणारी एक गाडी पाहिजे आणि पलीकडून उचलणारी दुसरी, आणि माझ्यासारख्या नोकरी करणाऱ्या बाईला ती सोय फक्त एसटी देते.

नाणेघाटाचंच घ्या. कल्याण स्टेशनच्या बाहेरच एसटी स्टँड आहे, माळशेजमार्गे आळेफाटा, जुन्नर, नगरकडे जाणारी सकाळची कुठलीही साधी गाडी पकडायची. मुरबाडला चहा, मग सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, आणि वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाच्या वाटेला उतरायचं. कंडक्टरला तिकीट काढतानाच सांगून ठेवायचं, ते बरोबर बेल मारतात, आणि बेल मारल्यावर "ताई, सांभाळून जा हां, वर माकडं आहेत" असं म्हणणारेही भेटलेत मला. आधी जंगल, मग दगडी पायऱ्यांची चढण, डोक्यावर नानाचा अंगठा नावाचा कडा, आणि दोन-तीन तासांत आपण सातवाहनांच्या लेण्यात. भिंतीवर ब्राह्मी लिपीतला सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, भाषा प्राकृत, दोन हजार वर्षं जुना. यज्ञ कोणते केले, गाई किती दिल्या, हत्ती-घोडे किती, कार्षापणं (तेव्हाची नाणी) किती, सगळं आकड्यांसकट कोरलंय. समोरच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते, ते आता नाहीत, नावं तेवढी राहिलीत. मग ती अरुंद नाळ चढून माथ्यावर आलं की जकात टाकायचा म्हणतात तो दगडी रांजण. आणि इथे, मित्रांनो, गाडीवाले मागे फिरतात!

पुढे चाला ना. समोर जीवधन किल्ला, त्याला चिकटून उभा वानरलिंगीचा सुळका, डांबरी रस्त्याने तास-सव्वा तासात घाटघर गाव. खालचा दमट कोकण केव्हाच मागे राहिलेला असतो, इथे वारा वेगळा, घरं वेगळी, हिरड्याची झाडं, बोलणंही जरा वेगळं. मी गेले होते त्या दिवशी शनिवार होता, जुन्नरहून आलेल्या एसटीतून शाळेची पोरं उतरली, एक सात-आठ वर्षांची मुलगी उतरायच्या आधी ड्रायव्हरकाकांना पाण्याची बाटली परत देत होती आणि ते तिला म्हणत होते, "ऱ्हाऊ दे, सोमवारी आण." मग तीच गाडी वळवून जुन्नरला निघाली. चावंड किल्ला डावीकडे की उजवीकडे यावरून मागच्या सीटवरच्या दोन बाबांचा वाद, नंतर आपटाळे, माणिकडोहचं पाणी, आणि अंधार पडता पडता शिवनेरीची आकृती. सकाळी मी कल्याणला लोकलच्या गर्दीत होते हे खरं वाटेना.

या गाडीबद्दल एक नीट समजून घ्या. आडवाटेच्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या पोरांच्या पासवर चालतात, ती आहेत म्हणून आपल्याला सीट मिळते. त्यामुळे रविवारी, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्याच फेऱ्या बंद असू शकतात, आणि नेमके आपण तेव्हाच जातो. नेटवरच्या टाइमटेबलवर विसंबू नका. डेपोच्या चौकशी खिडकीवर विचारा, चढताना कंडक्टरला विचारा, आणि गावात उतरल्यावर दुकानदाराला विचारा की परतीची शेवटची गाडी किती वाजता. तिघांची उत्तरं जुळली तर निश्चिंत चढा, नाही जुळली तर दुकानदाराचं खरं धरा.

पुण्याकडच्यांना वेगळं सांगायला नको, तोरणा-राजगड तर याच्यासाठीच आहे. स्वारगेटहून वेल्हे, तोरणा चढायचा, बुधला माचीवरून उतरून डोंगराच्या धारेने थेट राजगडाची संजीवनी माची, मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी गुंजवण्यात उतरा. गाडी वेल्ह्यात ठेवलीत तर ती आणायला परत कोण जाणार?

आता जे मनापासून सांगायचंय ते. मुक्कामी गाडी. संध्याकाळी शेवटच्या गावात जायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपायचे, पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचे. भोरच्या पलीकडच्या एका गावात आम्ही उतरलो तेव्हा रात्र झाली होती, एका मावशींनी पडवीत झोपायला जागा दिली, पिठलं-भाकरी दिली, आणि पहाटे साडेपाचला हाक मारली, "उठा गं पोरींनो, गाडी गुरगुरायला लागली." गाडीत दुधाच्या किटल्या, दवाखान्यात निघालेली एक गरोदर बाई, कोर्टाची तारीख असलेले एक आजोबा. त्या गावाचा दिवस त्या गाडीने सुरू होत होता. 2021 च्या दिवाळीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा खेड्यातल्या माणसांना जीप आणि बाइकची सवय लागली, आणि ज्यांना बाइक येत नाही, ज्यांच्याकडे जीपचे पैसे नाहीत, त्यांनी काय करायचं? सीट रिकाम्या दिसल्या की बंद करायला पहिली नजर त्याच फेरीवर पडते. आणि त्याच रस्त्याने शनिवारी रात्री आपल्या ट्रॅव्हलरची रांग लागलेली असते, पायथ्याला पार्किंगला जागा नसते. मला याचा खरंच त्रास होतो. दहा जणांच्या ग्रुपने दहा तिकिटं काढली तरी त्या फेरीच्या हिशोबात ती दिसतात हो. आणि 17 मार्च 2023 पासून आपल्याला, म्हणजे सगळ्या बायकांना, अर्धं तिकीट आहे, मैत्रिणींनो, आता तरी निघा.

मागच्या डिसेंबरात मी खांडसहून भीमाशंकर केलं. कर्जतपर्यंत लोकल, कर्जतच्या स्टँडवरून कशेळेमार्गे खांडसची एसटी, मग गणेश घाट (दुसरी वाट, शिड्यांचा शिडी घाट, एकटीने नको, पावसात तर कोणीच नको), पदरवाडीच्या पठारावर दम खाल्ला आणि शेवटचं दाट जंगल चढले, वर कुठेतरी शेकरू ओरडत होतं. आई पुण्यात असते, शहात्तर वर्षांची आहे. 75 च्या पुढच्यांना फुकट प्रवास असल्यापासून ती कुठेही जायला तयार असते, तर तिला म्हटलं, तू वाकडेवाडीहून भीमाशंकरची एसटी पकड, मी खालून येते. मी घामाघूम वर पोचले तर ती स्टँडजवळच्या टपरीवर बसलेली, मांडीवर पेढ्याचा पुडा, दर्शन करूनही झालेलं. म्हणाली, "कर्जतहून आलीस? चालत?" तिला ते कितीतरी वेळ खरंच वाटेना, कारण तिच्या डोक्यात कर्जत म्हणजे खंडाळ्याच्या घाटाखालचं ट्रेनचं स्टेशन. कड्यावर नेऊन खाली दाखवलं, ते बघ, ते खांडस, तिथून. ती बराच वेळ बघत राहिली. परतीच्या गाडीत कंडक्टरने तिला शून्य रुपयांचं तिकीट दिलं, मला अर्धं, आणि मंचरच्या पुढे ती माझ्या सॅकवर डोकं ठेवून झोपली.