अफवा नेमकी कोणी उठवली?

न्यूयॉर्क राज्यातील नायॅक गावच्या, भुताटकीचे म्हणून गाजलेल्या घराच्या विक्रीबाबतचा १९९१ चा न्यायालयाचा निकाल सांगून ‘घरात भूत असल्याची वदंता प्रत्येक विक्रेत्याने सांगितलीच पाहिजे’ असा जो निष्कर्ष तुमच्या लेखात काढला आहे, तो मला पटला नाही. त्या घरमालकिणीने भुतांच्या गोष्टी देशभर खपणाऱ्या मासिकातून आणि स्थानिक वर्तमानपत्रातून स्वतःच प्रसिद्ध केल्या होत्या. त्यामुळे भुते नाहीत असे म्हणण्याची मुभा तिला उरली नाही, आणि परगावच्या खरेदीदाराला न्यायालयाने व्यवहारातून मोकळे होऊ दिले. फसवणुकीच्या नुकसानभरपाईची त्याची मागणी मात्र मान्य झाली नाही. आपल्याकडील १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ मिळकतीतील किंवा मालकी हक्कातील महत्त्वाचा, सहजी न कळणारा दोष उघड करायला लावते. नाक्यावरच्या टपरीवर चहासोबत फुकट मिळणारी वदंता त्यात कशी बसवायची?

रत्नागिरीजवळचे आमचे आजोळचे घर विकताना हाच अनुभव आला. माळ्यावर रात्री जो ‘चालतो’, तो कांडेचोर (उदमांजर) निघाला. कौलांखाली त्याची विष्ठा आणि फणसाच्या आठळ्या सापडल्या, आणि त्या मी गिऱ्हाइकाला मुद्दाम शिडीवर चढवून दाखवल्या. तरीही भाव पडलाच, कारण ‘बाहेरचे’ आहे असे सर्वांत मोठ्याने सांगणारे शेजारी ते घर निम्म्या किमतीत मागत होते.