बंप स्टॉप काढून ट्रॅव्हल वाढत नाही, शॉक फुटतो

भाच्याने गाडीखाली झोपून काढलेला एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, मागच्या शॉकमधून तेल का गळतंय? नवीनच आहे." फोटो मोठा करून पाहिला. वरच्या बोल्टभोवतीचं रबरी बुश चिरडून एका बाजूला बाहेर आलेलं. शॉकच्या, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या, नळीवर धूळ आणि तेलाचा ओला थर. चॅसिसवरच्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर केसाएवढी भेग. आणि अ‍ॅक्सलच्या, म्हणजे डावं-उजवं चाक जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, बरोबर वर, जिथं अ‍ॅक्सल वर आला की त्याला अडवणारं बंप स्टॉपचं रबर असायला हवं, तिथं नुसती बोल्टची रिकामी भोकं.

फोन लावला. "बंप स्टॉप कुठे आहेत?"

"ते काढले ना. तो मेसेज फिरतोय, त्यात लिहिलंय."

तो मेसेज मला आधीच तिघांनी पाठवला होता आणि मी दुर्लक्ष केलं, ही माझी चूक. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: गाडी लिफ्ट केली, म्हणजे स्प्रिंगांवर उंच उचलली, की बंप स्टॉप काढून टाका, ते ट्रॅव्हल (चाकाला वर-खाली व्हायची जागा) खातात. शॉक मिळेल तेवढा लांब घ्या. शॉक कडक असला की धक्का तोच थांबवतो. काढायचे नसतील, तर जेवढी लिफ्ट तेवढाच स्पेसर (बंप स्टॉप खाली आणणारा ठोकळा) लावा, हिशेब संपला. आणि तसंही शॉकच्या आत रबर असतंच.

सगळ्यात घातक मुद्दा तिसरा आहे, म्हणून आधी तोच. कडक शॉक गाडी थांबवत नाही. शॉक फक्त वेगाला विरोध करतो. आतला पिस्टन तेलातून जितक्या जोरात सरकेल तितका विरोध जास्त, आणि पिस्टन थांबला की तेलाचा विरोध शून्य. सुटा शॉक जमिनीवर उभा धरा आणि अंगाचा भार टाकून सावकाश दाबा. कितीही कडक असला तरी मिटत जाईल. गॅसच्या शॉकमध्ये दाब असतो हे खरं, पण तो किती? 16 मिलिमीटरच्या रॉडचं क्षेत्रफळ साधारण 2 चौरस सेंटिमीटर. आत दर चौरस सेंटिमीटरला 14 किलो दाब धरला, तरी रॉडला बाहेर ढकलणारा जोर 28 किलो. गाडीच्या एका कोपऱ्यावर 500 किलो बसलेले असतात.

ऑफ-रोडिंगमध्ये तर निम्मं काम सावकाशच असतं. एक चाक दगडावर इंच-इंच चढवताना शॉकचा वेग जवळपास नसतोच. तेव्हा भार पेलायला स्प्रिंग असते, आणि स्प्रिंग कमी पडली की बंप स्टॉप. तोही काढलात तर काहीतरी लोखंड आडवं येईपर्यंत अ‍ॅक्सल वर जातच राहतो. भाच्याच्या गाडीत आडवा आला तो शॉक.

गाडी उडून आपटते तेव्हाचा हिशेबही करून पाहा. कोपऱ्यावरचे 500 किलो 20 सेंटिमीटरवरून खाली आले, तर वेग सेकंदाला 2 मीटर होतो आणि ऊर्जा 1000 ज्यूल. स्प्रिंग आणि शॉक यातली बरीचशी खातात, पण शेवटी उरेल ती कुणीतरी घ्यायचीच असते. समजायला सोपं जावं म्हणून सगळीच उरली असं धरा. ती बंप स्टॉपने 50 मिलिमीटर दबत घेतली, तर सरासरी जोर 2 टनांच्या आसपास येतो. तीच ऊर्जा लोखंडावर लोखंड आपटून 5 मिलिमीटरात थांबवली, तर 20 टन. शॉकचा वरचा बोल्ट आणि ते वेल्ड केलेलं ब्रॅकेट 20 टनांसाठी बनवलेलंच नसतं. मग रॉड वाकतो, आतला पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आदळतो, सील जातं. भेगा त्यानंतर दिसतात.

आता लांबीचं. बिलस्टीन, फॉक्स, किंग, शॉक बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीचा तक्ता उघडा. शॉकच्या दोन लांब्या दिलेल्या असतात, पूर्ण उघडल्यावरची आणि पूर्ण मिटल्यावरची. मेसेज लिहिणाऱ्याने फक्त पहिली वाचली. लांब शॉक मिटल्यावरही लांबच राहतो, कारण रॉड आत मावायला तेवढीच लांब नळी लागते.

समजा मूळ शॉक उघडा 560 आणि मिटलेला 340 मिलिमीटर. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना तो 450 वर. बंप स्टॉप पूर्ण दबतो तेव्हा 350 वर, म्हणजे शॉक तळाला लागायला 10 मिलिमीटर शिल्लक. आता 50 ची लिफ्ट केली आणि 650 उघडा, 390 मिटलेला असा शॉक घातला. बंप स्टॉप अजून 350 चाच राखणदार आहे, पण शॉक 390 वरच संपला. बंप स्टॉप काढला नाही, नुसता होता तसा ठेवला, तरी शॉक 40 मिलिमीटर आधी आपटणार! म्हणून बंप स्टॉप 40 अधिक थोडी सूट, असा 55 खाली आणायचा. आता तो 405 वर पूर्ण दबेल.

"मग ट्रॅव्हल गेलं की!" हे भाच्याचं लगेच आलेलं वाक्य. गेलेलं नाही. गाडी आता 500 वर उभी आहे, म्हणजे वर जायला 95 मिलिमीटर. मूळ गाडीत 100 होते. आणि खाली जायला आधी 110 होते, ते आता 150 झाले. चाक खड्ड्यात उतरून जमीन धरतं ते याच 150 मुळे. बंप स्टॉपने काही खाल्लं नाही.

"जेवढी लिफ्ट तेवढा स्पेसर" यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. वरच्याच उदाहरणात 50 ला 55 आलं. पण तो त्या शॉकचा योगायोग आहे, नियम नव्हे. लिफ्ट करून मूळ शॉकच ठेवला, तर शॉकसाठी स्पेसरची गरजच नाही. उलट मोठा टायर मडगार्डला घासत असेल, तर शॉक वाचूनही स्पेसर वाढवावा लागतो. ठरवतं मिटलेल्या शॉकचं माप आणि टायर.

शॉकच्या आतल्या रबराचंही तसंच अर्धवट. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या जोडणीत, रॉडवरच, धुळीच्या रबरी टोपणाखाली, फोमचा बंप स्टॉप असतो आणि स्ट्रट तो भार घ्यायलाच बनवलेला असतो. पण अ‍ॅक्सलवाल्या गाडीच्या साध्या शॉकमध्ये आत जे रबर असतं, ते बहुतेक वेळा शॉक उघडताना रॉड निसटू नये म्हणून. मिटताना त्याचा उपयोग नाही.

मेसेजमध्ये माप घेण्याबद्दल एक ओळ नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. स्प्रिंगा काढून, चॅसिस स्टँडवर ठेवून, चाकं लावलेली असतानाच अ‍ॅक्सल जॅकने वर न्यायचा. बंप स्टॉपला नुसता स्पर्श होतो तिथं नव्हे, तो पूर्ण दबल्यावर कुठे येईल तिथं शॉकचं माप घ्यायचं. मग एक चाक वर आणि दुसरं खाली लोंबतं ठेवून पुन्हा माप. ही पायरी हमखास गाळली जाते. अ‍ॅक्सल तेव्हा दबलेल्या बंप स्टॉपवर सी-सॉसारखा कलतो, आणि शॉक बंप स्टॉपच्या बाहेरच्या, चाकाकडच्या बाजूला असेल तर दोन्ही चाकं सरळ वर गेली असताना मिटतो त्याहून जास्त मिटतो. त्याच वेळी लोंबत्या बाजूला ब्रेकचा होज ताणतोय का तेही पाहून घ्यायचं.

भाच्याने काढलेले बंप स्टॉप अजून डब्यात आहेत, बोल्टसकट. नवीन शॉकची मिटलेली लांबी त्याला कागदावर लिहून पाठवायला सांगितली आहे. भेगेवर नवीन वेल्डिंग होऊन तपासलं जाईपर्यंत गाडी स्टँडवरून उतरवायची नाही, हेही सांगितलं आहे. आणि तो मेसेज ज्या-ज्या ग्रुपवर त्याने पुढे पाठवला, तिथं त्याने आज तोच फोटो टाकला आहे.